लगची फ्रेम की फिलेट ब्रेझिंगची?
जुन्या धाटणीची सायकल हाताने बांधून घेताना पोलादी नळ्यांचे सांधे कसे जोडायचे, हे आधी ठरवावे लागते. लगच्या पद्धतीत नळ्यांची टोके ‘लग’ नावाच्या पोकळ पोलादी खोबणीत बसवून झाळ दिली जाते. सुमारे ६५० ते ७५० अंश सेल्सिअसला वितळणारी चांदीमिश्रित झाळ वापरली, तर १९३५ साली आलेल्या रेनॉल्ड्स ५३१सारख्या पातळ नळ्यांना उष्णतेची झळ कमी पोहोचते. कारागीर लगची टोके कानशीने घासून निमुळती करतो आणि झाळ आत शोषली गेली की कडेने चकचकीत बारीक रेघ उमटते. सायकलचा जुना तोंडवळा खरा इथेच घडतो.

फिलेट ब्रेझिंगमध्ये लग नसते. नऊशे अंशांच्या आसपास वितळणारे पितळ सांध्याभोवती चढवून ते तासन्‌तास कानसावे लागते, आणि एवढी मेहनत शेवटी रंगाखाली झाकली जाते. मात्र लगचे कोन बरेचसे ठरलेले असल्याने, फार उंच किंवा ठेंगण्या स्वारासाठी हीच पद्धत सोयीची ठरते. एरवी मी लगच निवडेन, कारण एखाद्या नळीला पोचा पडला तर सांधा तापवून ती बदलणेही तुलनेने सोपे जाते.