कॅम्पसवरचा मुलांनी चालवलेला वेलनेस सेल : आठ महिने वापरल्यावर

ऑगस्टपासून मी आमच्या कॉलेजचा वेलनेस सेल, म्हणजे तब्येतीची आणि मनाची काळजी घेणारा मुलांचा गट, वापरतेय, आता मार्च संपत आला. ज्युनिअर मुली सारख्या विचारतात की ताई तिथे जाऊन खरंच काही होतं का की नुसती पोस्टर लावतात, प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. मोठं झालंय, वेळ काढून वाचा.

कॉलेज नेरुळचं, नाव लिहीत नाही. मी कराडकडची, कोपरखैरण्याला पीजीत राहते, रोज ट्रान्स-हार्बर लोकलने येजा. सेल पूर्ण मुलांचाच आहे, सेकंड आणि फायनल इयरची मिळून वीसेक जणं, त्यात एनएसएसवाली (राष्ट्रीय सेवा योजनेतली) बरीच कारण त्यांना वर्षाचे १२० तास भरायचेच असतात. एक मॅडम सह्यांपुरत्या आहेत, बाकी सगळा कारभार मुलांच्या हातात. लायब्ररीशेजारी पूर्वी झेरॉक्सवाला बसायचा ती छोटी खोली त्यांना मिळालीये. सोमवार आणि गुरुवार, दुपारी ४ ते ६.

माझा संबंध आला तो रक्तदान शिबिरामुळे. मैत्रिणींबरोबर मी पण लाईनीत उभी राहिले, वजन ४५ किलोच्या वर होतं, फॉर्म भरला, बोटाला सुई टोचली आणि तिथल्या ताईंनी तो थेंब निळ्या पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडला. मोरचुदाचं पाणी असतं ते. रक्तात हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल तर थेंब जड असतो, सरळ खाली जातो. माझा थेंब वरच तरंगत राहिला. त्यांनी दुसरं बोट टोचून परत बघितलं, तरी तेच. "बाळा, तुझंच रक्त कमी आहे, तू काय देणार, खजूर खा," म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला बोलावलं. शाळेपासून प्रत्येक तपासणीत माझं हेच झालंय, खजूर खा सांगतात आणि विषय संपतो.

पण या वेळी बाहेर दाराशीच सेलचं एक टेबल होतं आणि तिथे रक्त दिलेल्यांना नाही तर परत पाठवलेल्यांना बसवत होते. मला हे आजही फार भारी वाटतं, कारण रक्त कमी असलेल्या मुली शोधायला वेगळं शिबिर घ्यायची गरजच नाही, शिबिरातून नापास होऊन बाहेर येणारी प्रत्येक मुलगी म्हणजेच ती यादी. टेबलावर फायनल इयरची एक ताई लांबट रजिस्टर घेऊन बसलेली, तिने नाव, फोन, कुठल्या लोकलने येतेस, पाळी किती दिवस चालते, थकवा येतो का, स्टेशनचा जिना चढताना धाप लागते का, एवढं विचारलं. मी म्हटलं धाप लागते पण ती सगळ्यांनाच लागते ना. ती म्हणाली, "अगं नाही, वीस वर्षाच्या मुलीला एक जिना चढून धाप लागायला नको." तिनेच सांगितलं की सरकारच्या २०१९-२१ च्या सर्व्हेत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय. म्हणजे आपण जे सगळ्यांनाच होतं म्हणतो ते खरंच निम्म्याहून जास्त जणींना होतंय, पण म्हणून ते नॉर्मल होत नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांनी आम्हा सात जणींना एकत्रच महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. एकटी गेले असते का? नाही गेले असते, खरं सांगते. सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी केली, हिमोग्लोबिन ९.३ आलं. आम्हा मुलींना ते किमान १२ तरी हवं, आणि ८ ते ११ च्या मधलं मध्यम ॲनिमियात धरतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि तीन महिन्यांनी परत तपासा म्हणाले.

खरी गंमत पुढे आहे. गोळ्या सुरू केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी शौचाला काळं व्हायला लागलं, पोट गच्च, तोंडाला लोखंडाची चव. मी घाबरून बंद केल्या आणि कुणाला बोलले नाही. दहाव्या दिवशी त्या रजिस्टरवाल्या ताईचा मेसेज, "गोळ्या चालू आहेत ना?" खोटं बोलायचं जिवावर आलं म्हणून सांगितलं की बंद केल्यात. तिने लगेच फोन केला आणि दहा मिनिटं बोलत होती. काळं होतं ते गोळीतल्या लोहानेच, त्याने काही बिघडत नाही. पोट गच्च होत असेल तर पाणी वाढव, तरी नाही जमलं तर डॉक्टरांना सांगू, ते गोळी बदलून देतात, पण मनानेच बंद करू नकोस. मग विचारलं, गोळी कशाबरोबर घेतेस? मी म्हटलं सकाळी चहाबरोबर. तिथेच सगळा घोळ होता! चहामुळे लोह अंगी लागत नाही, गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी चहा नको, दुधाचं पण तेच. त्यापेक्षा लिंबूपाण्याबरोबर नाहीतर पेरूबरोबर घे, व्हिटॅमिन सी असलं की लोह चांगलं शोषलं जातं. मग मी गोळी सकाळची दुपारी नेली, कॉलेजच्या गेटबाहेर पेरूवाली मावशी बसते, तिच्याकडचा पेरू आणि गोळी, असं तीन महिने चाललं. मावशीला कळलं तेव्हापासून ती माझ्यासाठी एक पिकलेला बाजूला ठेवायची.

आईला फोनवर सांगितलं तर तिने बीट खा, बीट खा लावलं. ताई म्हणाली बीट खा की, चांगलंच आहे, पण रंग लाल म्हणून रक्त वाढतं असं नसतं, त्यात लोह फार नसतं, त्यापेक्षा अळीव खा. मग आईने अळिवाचे लाडू केले, ओलं खोबरं आणि गूळ घालून, आणि गावाकडून येणाऱ्या मामाबरोबर डबा पाठवला. पीजीतल्या कुणालाच अळीव माहीत नव्हते, दोन दिवसात डबा रिकामा. आणि आजीची लोखंडी कढई पण दिली, त्यात आता पालेभाजी करते.

नोव्हेंबरच्या शेवटी परत तपासलं, ११.७. बारा नाही झालं अजून पण ट्रेनमध्ये उभं राहून डोळ्यासमोर अंधारी यायची ती पूर्ण गेली. डॉक्टर म्हणाले आकडा बारावर गेला तरी आणखी तीन महिने गोळ्या सोडायच्या नाहीत, शरीरातला साठा भरायचा असतो.

आता ऐकून घ्यायच्या खोलीबद्दल. सोमवारी सेलमधली दोन जणं नुसतं ऐकायला बसतात. त्यांना काउन्सेलर मॅडमनी शिकवलंय, सल्ला द्यायचा नाही, तुला अमुक आजार आहे असं म्हणायचं नाही, जिवाचं बरंवाईट करायची भाषा ऐकू आली तर एकट्याने सांभाळायचं नाही, लगेच मॅडमना कळवायचं. मी सप्टेंबरमध्ये इंटर्नल परीक्षेच्या आधी गेले, घरच्या काही गोष्टी होत्या, इथे लिहिणार नाही. पाऊण तास बोलले, समोरच्या मुलीने एकदाही "अगं एवढं काय त्यात" म्हटलं नाही. हलकं वाटलं.

आणि तीनच दिवसांनी कॅन्टीनमध्ये, माझ्या वर्गातल्या चार मुली टेबलाला असताना, सेलमधलाच एक दादा येऊन मोठ्याने विचारतो, "काय गं, आता बरं वाटतंय का? झोप लागते का?" त्याच्याशी तर मी बोललेच नव्हते! म्हणजे तिने त्याला सांगितलं होतं. पोटात गोळाच आला माझ्या, मुली बघायला लागल्या, मी उठून गेले. त्याचा हेतू वाईट नव्हता हे मला मान्य आहे पण त्याने काय फरक पडतो. पंधरा दिवस त्या खोलीकडे फिरकले नाही.

शेवटी रजिस्टरवाल्या ताईला सगळं सांगितलं. तिने सारवासारव केली नाही, त्या दोघांच्या वतीने माफी मागितली आणि दुसऱ्या सोमवारी मीटिंग लावली. आता नियम असे आहेत की खोलीतलं नाव वहीत जात नाही, खोलीबाहेर त्यांनी स्वतःहून ओळख दाखवायची नाही, तुम्ही बोललात तरच बोलायचं, आणि काउन्सेलर मॅडमशिवाय कुणाशी चर्चा नाही. मी नंतर दोनदा गेले, तसा अनुभव परत आला नाही. तरी सांगते, जाणार असाल तर आधी विचारा, मी बोलेन ते कुणाकुणाला कळणार? विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. सेमिस्टर परीक्षा आली की सेल बंद. मुलांचीही परीक्षा असते, मान्य, पण रडू, जागरण, ॲसिडिटी, पॅनिक सगळं त्याच तीन आठवड्यात येतं आणि नेमकी तेव्हाच दाराला कडी. ऑक्टोबरमध्ये मी स्वतः दोनदा जाऊन परत आले. दारावर फक्त १४४१६ नंबर चिकटवला होता, टेली मानसचा. सरकारची हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली, चोवीस तास आणि फुकट. एका रात्री दीड वाजता लावला मी फोन. आधी भाषा निवडायची असते, मराठी निवडली, थोडं थांबावं लागलं आणि मग एक ताई बोलायला आल्या, घाई न करता. त्या रात्री ते पुरलं मला. पण ओळखीचं माणूस समोर असणं वेगळं. काउन्सेलर मॅडम आठवड्यातून दोनच दिवस येतात, त्यांच्यापुढे रांग. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक शिकलेला काउन्सेलर हवाच, आणि परीक्षेच्या दिवसात लहान गटांमागे मेंटॉर किंवा काउन्सेलर नेमावेत. आम्ही काही हजार जण आहोत. हे काम मुलांच्या खांद्यावर टाकून मॅनेजमेंटने मोकळं होऊ नये असं मला फार वाटतं, सेलच्या मुलांनाही तेच वाटतं, त्यांनी तसं लेखी दिलंय.

बाकी गोष्टी पटपट सांगते. लेडीज रूममधलं पॅडचं मशीन कायम नाणं गिळायचं, सेलने त्याच्या शेजारी एक साधा डबा ठेवला, लागलं तर घ्या, जमेल तेव्हा ठेवा. पहिल्या आठवड्यात दोनदा रिकामा झाला, नंतर कुणी न सांगता भरायला लागला, आता कधीच रिकामा दिसत नाही. जानेवारीत सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायची पद्धत शिकवली, ते जरूर करा. छातीच्या मधोमध पाच ते सहा सेंटीमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, ऐकायला सोपं वाटतं पण पुतळ्यावर दोन मिनिटांत माझे हात भरून आले, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायला सांगतात. योगा डेचा मोठा कार्यक्रम, टी-शर्ट, फोटो, त्यातून मला काही मिळालं नाही, त्या पैशात आणखी तीस जणींची सीबीसी झाली असती.

सकाळचा वॉक छान आहे पण तो हॉस्टेलवाल्यांसाठीच, सहाला ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेच्या गेटवर जमायचं म्हणे. ठाणे, कळवा, ऐरोलीहून येणाऱ्यांनी काय करायचं? मी एकदाच जमवलं, जानेवारीत, सीवूड्सच्या मैत्रिणीकडे राहून. वॉक झाल्यावर आम्ही पाणथळीकडे फ्लेमिंगो बघायला गेलो, पाणी उतरलं होतं, चिखलात माना घालून सगळे चरत होते आणि आमच्यातलं कुणीच बराच वेळ बोललं नाही. तसली सकाळ रोज मिळाली तर कुणाला नको आहे. आता आम्ही लोकलवाल्यांनी मागणी केलीये की शेवटच्या लेक्चरनंतर स्टेशनपर्यंत लांबच्या रस्त्याने चालत जायचा एक गट करा, रिक्षा नाही. मंगळवारी सुरू झालाय, सध्या नऊ जण आहेत.

रजिस्टरवाली ताई आता मे मध्ये पास होऊन जाईल. मला तीच धास्ती होती, की ती गेली की सगळं बंद पडणार, कारण सेल चांगला आहे तो खोलीमुळे नाही, दहाव्या दिवशी आठवणीने मेसेज करणारं माणूस तिथे होतं म्हणून. मी तिला तसं बोलले. तिने ड्रॉवरमधून रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. "मग तू कर ना," म्हणाली. मागच्या सोमवारपासून ते माझ्याकडे आहे. अकरा जणींच्या नावापुढे दुसऱ्या तपासणीचा रकाना अजून कोरा आहे, त्यातल्या दोघींनी गोळ्या बंद केल्यात हे काल फोनवर कळलं, एकीचं कारण तेच, चहा. गुरुवारी ४ वाजता दोघींना खोलीत बोलावलंय, पेरू मी घेऊन जाणार आहे.