पाकीट फोडायचंय की कार्ड हवंय? नागपुरातले आमचे दहा महिने

गेल्या दिवाळीत पोरगा पुण्याला मामाकडे गेला आणि येताना तीन पोकेमॉन कार्डं घेऊन आला, म्हणजे त्या जपानी कार्टूनमधल्या प्राण्यांची, जमवायची आणि खेळायची कार्डं. आता तान्हा पोळाही होऊन गेला. या दहा महिन्यांत आम्ही बापलेकांनी इतवारी, बर्डी, सदर, धरमपेठ पालथं घातलं, ऑनलाइन मागवलं, एकदा सपशेल फसलो आणि एकदा घरातल्या घरात स्वतःच्या हातानं नुकसान करून घेतलं. शाळेच्या फाटकाशी दर आठवड्याला कुणीतरी पालक गाठून विचारतोच, "ओरिजिनल कुठे मिळतात हो?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी कबुली. मला यातलं काही कळत नव्हतं. आमच्या वेळी शाळेसमोरच्या टपरीवर डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं मिळायची. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. योकोझुना हातात आला की "वजन!" म्हणायचं आणि समोरच्याचं कार्ड ओढायचं. खरं की नकली हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. आता वाटतं, सगळीच नकली असतील.

सुरुवात इतवारीतून केली, कारण ठोकात काहीही घ्यायचं तर नागपूरकराचे पाय आधी तिकडेच वळतात. पहिल्याच दुकानात १८० रुपयांत सोनेरी कार्डांची डबी मिळाली, आत ५५ कार्डं. प्लॅस्टिकची, चकाचक, सगळ्यांवर ड्रॅगन नाहीतर पिकाचू. मी भीत भीत विचारलं, "ओरिजिनल आहेत ना?" दुकानदार हसला. "ओरिजिनल कोण मागते जी इथं? पोट्ट्यायले चमकलं पाहिजे." मला त्याचा राग आला नाही. पुढच्या दहा महिन्यांत इतकं सरळ बोलणारा विक्रेता मला दुसरा भेटला नाही. ५५ कार्डांची अशी सोनेरी डबी कंपनी काढतच नाही. ही डबी लहान पोरांना खेळायला ठीक आहे. आमच्याकडे ती आता भाचीच्या भातुकलीत नोटा म्हणून चालते.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मामाचं एक कार्ड आणि शाळेजवळच्या स्टेशनरीतून २० रुपयांच्या पाकिटातून आलेलं एक कार्ड शेजारी शेजारी ठेवलं आणि मोबाईलचा टॉर्च मागून लावला. मामाचं कार्ड जवळजवळ अंधारंच राहिलं. खऱ्या कार्डात कागदाच्या दोन थरांमध्ये एक काळपट थर असतो, तो उजेड अडवतो. वीस रुपयेवाल्यातून मात्र भजी ठेवलेल्या कागदातून दिसावा तसा बल्ब दिसला. मग पाठी बघितल्या. खऱ्याची निळाई गडद, नकलीची जांभळट, धुतल्यासारखी. पोकेमॉनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ई वर एक तिरकी रेघ असते, ती नकलीवर गायब. खाली बारीक अक्षरात वर्ष आणि कंपन्यांची नावं असतात, तिथे नुसता काळा ओघळ. महागड्या कार्डांच्या चित्रावर बोट फिरवलं तर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेघा लागतात, नकली कार्ड काचेसारखं गुळगुळीत असतं. आणखी एक खूण पोरानं शोधली: २०२३ पासून इंग्रजी कार्डांची पिवळी चौकट जाऊन राखाडी आली. त्यामुळे नवा पोकेमॉन आणि पिवळी चौकट असं दिसलं की तो लांबूनच हात हलवतो, नको म्हणून.

मॉलमधली खेळण्यांची आणि पुस्तकांची मोठी दुकानं हा दुसरा मुक्काम. तिथे मला मिळालेला माल प्रत्येक वेळी खरा निघाला. एक पाकीट साधारण ४५० ते ६०० रुपयांना पडलं, आणि आत कोणती कार्डं निघतील ते फोडल्याशिवाय कळत नाही. बिल मिळतं, पाकीट हातात घेऊन वरची-खालची दातेरी शिवण बघता येते. पण तिथे माल कधी येईल आणि कधी संपेल हे देवालाही ठाऊक नसावं. विकणाऱ्या पोराला विचारलं तर तो म्हणतो, "पोकेमॉन? तो मोबाईलवरचा गेम ना, सर?" मे महिन्यात ४५ डिग्रीत गाडी काढून रिकाम्या हातानं दोनदा परत आल्यावर शहाणपण सुचलं: आधी फोन करायचा, आणि "पोकेमॉन आहे का?" असं न विचारता "कार्डाचं सीलबंद पाकीट लटकवलेलं दिसतंय का, जरा बघता का?" असं विचारायचं.

आता फसल्याची गोष्ट. इंग्रजी बूस्टर बॉक्समध्ये, म्हणजे पाकिटांच्या सीलबंद खोक्यात, साधारणपणे ३६ पाकिटं असतात. एका मोठ्या ऑनलाइन बाजारात तो पूर्ण बॉक्स ३,२०० रुपयांना दिसला. पाचशेचं पाकीट गुणिले छत्तीस म्हणजे अठरा हजार, हा हिशेब चौथीतलं पोरगंही करेल. बापानं केला नाही, कारण खाली "फॅक्टरी सील" लिहिलं होतं आणि रेटिंगच्या चार चांदण्या होत्या. बॉक्स आला. इंग्रजी पाकिटात १० कार्डं आणि वर एक एनर्जी कार्ड (खेळताना लागणारं साधं कार्ड) असायला हवं, यात आठच. एकाच पाकिटात एकच कार्ड दोनदा. तिसरं पाकीट फोडून पोरगा शांतपणे म्हणाला, "बाबा, राहू द्या." ते "राहू द्या" अजून कानात आहे.

नशीब असं की पोराला स्वतःचं चॅनल काढायची हौस, म्हणून बॉक्स उघडताना त्यानं सुरुवातीपासून व्हिडिओ घेतला होता. कस्टमर केअरनं "उघडलेला माल परत घेत नाही" एवढंच सांगितलं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली, व्हिडिओ जोडला. एकोणिसाव्या दिवशी पैसे परत आले. तेव्हापासून मी चांदण्या बघत नाही, विक्रेत्याचं नाव उघडून बघतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दाखवणं साइटवर बंधनकारक आहे. त्या नावावर क्लिक केल्यावर तोच माणूस योगा मॅट, स्टीलची बाटली आणि पोकेमॉनही विकताना दिसला, तर मी तिथून निघतो.

ऑनलाइन घ्यायचंच तर फक्त कार्डं आणि बोर्डगेम विकणाऱ्या दुकानांच्या वेबसाइटवर घ्या. अशी दुकानं मुंबई-बंगळुरूकडे आहेत, नागपूरला कुरिअर करतात. मी तीन ठिकाणांहून एकूण सात वेळा मागवलं, सातही वेळा माल खरा आला. नवीन सेटचं, म्हणजे एकत्र निघालेल्या कार्डांच्या मालिकेचं, आगाऊ बुकिंग होतं, सुटी कार्डंही मिळतात. महागडं कार्ड आधी स्लीव्ह नावाच्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग टॉपलोडर नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवतात. कॅश ऑन डिलिव्हरी मात्र बहुतेक ठिकाणी नाही, पैसे आधीच भरावे लागतात. आणि देशाचा मध्य म्हणून ओळखला जाणारा झिरो माइलचा खांब आमच्या शहरात असला तरी पार्सल भिवंडीत चार दिवस ठिय्या मारून बसतं. अमेरिकेतून मागवायचा विचार एकदा केला. तिकडे पाकीट साडेचार-पाच डॉलरचं, पण टपालखर्च आणि कस्टम जोडल्यावर कॅल्क्युलेटर बंद करून ठेवला.

खरी अक्कल मार्चअखेर आली. वही काढली आणि दिवाळीपासूनचा खर्च मांडला. ४१ पाकिटं, २०,७०० रुपये. बायको म्हणाली, "एवढ्यात नवा कूलर आला असता." कूलरचं पुढे येतंच.

पोराला हवा होता चॅरिझार्ड, आग ओकणारा ड्रॅगनसारखा पोकेमॉन, सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या '१५१' नावाच्या सेटमधला. या सेटमध्ये चॅरिझार्ड एकाहून जास्त रूपांत आहे. साधा असतो ६/१६५ नंबरचा. ज्याच्यासाठी जग वेडं आहे तो १९९/१६५. छेदापेक्षा अंश मोठा दिसला की समजायचं, हे कार्ड सेटच्या मोजणीबाहेरचं, सीक्रेट रेअर, म्हणजे क्वचित निघणारं. आमच्या ४१ पाकिटांत दोन्हींपैकी एकही निघाला नाही. निघाला तो १७३/१६५ चा पिकाचू, त्या रात्री घरात वर्ल्ड कप जिंकल्यासारखा आरडाओरडा झाला होता. पण चॅरिझार्ड नाहीच.

तेव्हा कळलं की आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच दुकानात शोधत होतो. पाकीट फोडायची मजा हवी असेल तर पाकीट घ्या, पाचशे रुपये सिनेमाच्या तिकिटासारखे गेले असं धरा. कार्ड हवं असेल तर ते कार्डच घ्या, सुटं. त्याला सिंगल म्हणतात. आणि सिंगलसाठी नागपुरात मॉलचा काही उपयोग नाही.

त्यासाठी रविवारी दुपारी धरमपेठेतल्या एका कॅफेत जावं लागतं. बारा-पंधरा जण जमतात. बहुतेक इंजिनीअरिंगची पोरं, दोन-तीन नोकरीवाले, आणि आमच्यासारखे बापासकट आलेले छोटे. टेबलावर नऊ खणांची पानं असलेल्या फायली उघडलेल्या. भाव अमेरिकेतल्या टीसीजीप्लेअर साइटवर बघतात आणि "डॉलरमागे ७५" किंवा "८०" असं ठरवून रुपयांत बोलतात. ओळखीत पाच-दहा रुपये खाली येतात. कार्ड हातात घेऊन, टॉर्च लावून, कोपरे बघून घेता येतं, हे कुठल्याही वेबसाइटला जमणार नाही. पांढरे झालेले कोपरे, कडेवरचे चट्टे फोटोत दिसत नाहीत, खिडकीजवळ धरल्यावर दिसतात.

दुसऱ्याच रविवारी पोरगा तो पिकाचू तीन चकचकीत कार्डांवर द्यायला निघाला होता. समोरचाही सातवी-आठवीतला, दोघांचं ठरलं होतं. शेजारच्या टेबलावरचा एक कॉलेजचा मुलगा उठून आला. "छोट्या, हे देऊ नको बे. आधी बाबाला विचार." त्या तीन कार्डांची मिळून किंमत पिकाचूच्या पाव किमतीएवढीही नव्हती. तेव्हापासून आमचा नियम: अदलाबदल घरी जाऊन एक रात्र झोपून मगच.

नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "हे पुढे विकून पैसे होतात म्हणे?" २०२१ मध्ये एका अमेरिकन यूट्यूबरनं एक पिकाचू ५२ लाख ७५ हजार डॉलरला घेतला हे खरं आहे. पण ते जपानमधल्या चित्रस्पर्धेत बक्षीस म्हणून दिलेलं, मोजक्याच प्रती असलेलं कार्ड होतं, कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या पीएसए या कंपनीकडून दहापैकी दहा मिळालेलं. आमच्या कपाटातलं नव्हे. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण आमच्याकडे तरी कपाटात एफडीचे कागद वेगळ्या खणात आहेत.

आता कूलर. नागपुरात एप्रिल लागला की खिडकीत डेझर्ट कूलर बसतो. आमची कार्डांची फाईल होती त्याच खिडकीखालच्या फळीवर. पंधरा दिवसांनी पोरानं फाईल उघडली तर चमकणारी सगळी कार्डं पापडासारखी चित्राच्या बाजूला वळलेली. या कार्डांच्या समोर फॉइल आणि मागे कागद असतो. कागद दमटपणा ओढून फुगतो, फॉइल फुगत नाही, म्हणून कार्ड फॉइलकडे वाकतं. फार कोरड्या हवेत उलटं होतं. नागपूरच्या एका उन्हाळ्यात दोन्ही होतं, बाहेर भट्टी आणि घरात खसाचा ओलावा. हवाबंद डब्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पाकिटं टाकून, वर इंजिनीअरिंग ड्रॉइंगची जुनी जाड पुस्तकं ठेवून, तीन आठवड्यांत बरीचशी सरळ झाली. दोन अजूनही टेबलावर ठेवली की डोलतात. फाईल आता बेडरूमच्या कपाटात असते. फाईल घेताना पीव्हीसी नसलेली पानं मागा, स्वस्त पानं कालांतरानं चिकटतात. स्लीव्ह मी ऑनलाइनच घेतो, शंभर नगांचा पुडका. यात तरी अजून कुणी फसवलं नाही.

तान्ह्या पोळ्याला पोरानं लाकडी नंदी घेऊन आख्खी कॉलनी पालथी घातली. बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या पोरांना घरोघरी मिळणारे पैसे, जमला ७३० रुपये, बहुतेक दहा-वीसच्या नोटा. रविवारी कॅफेत ६/१६५ चा चॅरिझार्ड ५५० ला ठरला. त्यानं नोटा दोनदा मोजून दिल्या, कार्ड स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये घातलं आणि शर्टाच्या खिशात ठेवून वर हात दाबून धरला. खाली उतरल्यावर म्हणाला, "बाबा, १८० उरले."

१८० मध्ये पाकीट येत नाही. वरचे तीनशे मी दिले. शंकर नगरच्या सिग्नलला, गाडीवर मागे बसूनच त्यानं ते फोडलं. एक मॅजिकार्प मासा निघाला, एक एनर्जी, आणि एक चमकणारं, जे आमच्याकडे आधीच तीन आहे.