चर्चच्या हॉलमागची रुग्णसाहित्याची खोली : आमचा आठ महिन्यांचा अनुभव

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या गावात, चर्चच्या हॉलमागे एक खोली आहे. पूर्वी तिथं सणाच्या मांडवाचं सामान पडलेलं असायचं. आता तिथं आजाऱ्यांच्या वस्तू आहेत: पाच फावलर बेड (पाठ आणि गुडघे वर उचलता येणारी खाट), एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, ऑक्सिजनची दोन मशीनं आणि लहान सिलिंडर. भाडं काही नाही. मशीनसाठी तेवढी हजार रुपये अनामत, तीही परत मिळते. जानेवारी ते ऑगस्ट आमचं घर या खोलीच्या आधारावर चाललं, म्हणून हे लिहितो आहे.

माझ्या बायकोला फुप्फुसांचा फायब्रोसिस होता. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात आणि झालेली पुन्हा मऊ होत नाहीत. जानेवारीत डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, घरी ऑक्सिजन लावा आणि सांभाळा. आम्ही वाडीवाले. सोनचाफा आणि भाजी पहाटेच्या लोकलनं दादरला नेण्याचं काम तिनं पंचवीस वर्षं केलं. डोक्यावर पाटी घेऊन गर्दीत चढणारी ही बाई, आता पलंगापासून उंबऱ्यापर्यंत आली तरी धापा टाकायची.

सुरुवातीला मी बाहेर चौकशी केली. बेड आणि मशीनचं महिन्याचं भाडं ऐकूनच धीर सुटला. रुग्ण सांभाळायला बाई देणाऱ्या एका ब्युरोनं पंधरा दिवसांचे पैसे आधी घेतले. बाई दोन दिवस आली, पुढं फोन बंद. तिसऱ्या दिवशी मी पडवीत बसून होतो, तेव्हा आमच्या लघुख्रिस्ती समूहातल्या, म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती घरांच्या प्रार्थनागटातल्या, एक मावशी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘अरे, चर्चची खोली आहे की! उद्या बुधवार. संध्याकाळी ये.’’

तिथं काम बघणारे काका विन्सेंट दि पॉल सोसायटीचे जुने सभासद. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन ही संस्था सुरू केली, गरिबांच्या घरी स्वतः जायचं हा तिचा पहिल्यापासूनचा रिवाज. काकांनी तो पाळलेला मी पाहिला. नुसतं सामान देऊन त्यांनी आम्हाला वाटेला लावलं नाही. संध्याकाळी घरी येऊन दार किती रुंद, प्लग कुठं, खिडकी कुठल्या बाजूला, सगळं पाहून गेले.

आमच्या घरापर्यंत टेम्पो येत नाही. बावखलाच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या कडेनं, केळीतून पायवाट आहे. चार पोरांनी तो लोखंडी बेड खांद्यावर घेतला आणि आणला. एकाच्या पायात चप्पल नव्हती, दुसरा परीक्षेचा अभ्यास सोडून आला होता. मी पुढं चालत फांद्या बाजूला करत होतो. तेव्हा मी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणं सोडलं होतं. देवाशी बोलायला माझ्याकडं शब्दच उरले नव्हते. पण मागं वळून त्या चौघांकडं पाहिलं आणि बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय आठवला, चौघांनी छप्पर उघडून येशूपुढं खाली सोडलेला तो लुळा माणूस आणि त्याची खाट. त्या आजाऱ्याचा स्वतःचा विश्वास किती होता हे तिथं लिहिलेलंच नाही. येशूनं पाहिला तो वाहून आणणाऱ्यांचा विश्वास. लहानपणापासून हा उतारा ऐकतोय, पण ही गोष्ट त्या दिवशी केळीत उभा असताना पहिल्यांदा मनाला लागली.

बेडच्या पायथ्याच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात एका बाईचं नाव आहे, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. बायकोनं ते वाचलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं, खाट परत द्यावी. पण पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन जी ताई घरी आली, ती त्याच बाईची मुलगी निघाली. तिनं पत्र्यावरून हात फिरवला आणि सांगितलं, ‘‘माझी आई यावर चार महिने होती. या कुशीवर तिला बरं वाटायचं, तुम्हीही बघा.’’ त्यानंतर बायको त्या नावाला घाबरली नाही. उलट संध्याकाळच्या प्रार्थनेत ते नाव तीच घ्यायला लागली.

आता वस्तूंबद्दल. बेडला पायथ्याशी दोन हॅण्डल असतात, एकानं पाठ उचलते, दुसऱ्यानं गुडघे. पाठीच्या हॅण्डलचे अकरा वळसे दिले की तिला खिडकीतून चाफ्याची झाडं आणि रस्त्याकडेचा खुरीस (क्रूस) दिसायचा. नऊ वळशांवर नुसती झाडं दिसायची. त्यामुळं रोज सकाळी अकरा. हॅण्डल खाऱ्या हवेनं गंजलेलं होतं, फिरवताना जोरात कुरकुरायचं आणि तिची झोप मोडायची. मी खोबरेल घातलं, नंतर मशीनचं तेल आणलं. एअर बेडच्या नळ्या आलटूनपालटून फुगतात, त्यामुळं पाठीला जखमा होण्याचा धोका कमी होतो. पण त्यावर जाड गोधडी घालू नका, एकच चादर. आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची थांबवू नका, दर दोन तासांनी बदलायचीच.

ऑक्सिजनचं मशीन खोलीतल्याच हवेतला नायट्रोजन बाजूला काढून नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध ऑक्सिजन देतं. मिनिटाला पाच लिटरपर्यंत. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नको, आणि मागची जाळी आठवड्यातून एकदा धुवा. आवाज सतत घुमतो, त्याची सवय होते. खरी अडचण विजेची. लाईट गेली की मशीन बंद, आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

जूनच्या पहिल्या वादळात रात्री अकराला लाईट गेली. इन्व्हर्टर दीडच्या सुमाराला टूं टूं करायला लागला. मी काकांना फोन लावला, हात थरथरत होते. वीस मिनिटांत दोन पोरं भिजत, मधे सिलिंडर धरून, त्याच पायवाटेनं आली. मिनिटाला दोन लिटर लावले तर असा भरलेला सिलिंडर बारा तास पुरतो, हे त्यांनीच मोबाइलच्या उजेडात काटा दाखवत मला समजावलं. मग निघाली नाहीत. एकानं खिशातून मरियेच्या प्रार्थनेची जपमाळ काढली. रोज संध्याकाळी समूहाची माणसं घरात माळ म्हणायची तेव्हा मी बाहेर ओट्यावर बसून राहायचो. माळेतल्या प्रत्येक ‘नमो मरिये’ प्रार्थनेच्या शेवटी ‘मरणाच्या वेळी’ हे शब्द येतात, ते मी जानेवारीपासून तोंडातून काढले नव्हते. त्या रात्री उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं. बायकोला एका दमात चार शब्दही जमत नव्हते, तरी ओठ हलवत होती. मी उत्तर दिलं. पहिल्या तीन वेळा आवाज फुटला नाही, चौथ्याला फुटला. तिनं माझं बोट धरून ठेवलं होतं. त्या रात्री मला तिच्या मरणाची भीती वाटली, पण आम्ही एकटे आहोत असं वाटलं नाही, आणि पुन्हा कधी वाटलंही नाही.

११ फेब्रुवारीचा दिवसही सांगायला हवा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली लूर्द मातेचा हा सण आजाऱ्यांचा जागतिक दिवस म्हणून ठरवला, १९९३ पासून तो पाळला जातो. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी आजाऱ्यांसाठी वेगळी मिस्सा असते. खोलीतल्या व्हीलचेअरवर बसवून तिला नेलं. फादरांनी कपाळाला आणि दोन्ही तळव्यांना तेल लावलं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितलेलाच आजाऱ्यांना तेल लावण्याचा हा विधी. परत येताना ती तळवे उघडे धरून बसली होती, पुसले नाहीत. घरी आल्यावर पेज मागितली, वाटीभर संपवली.

काही उणिवा आहेत, त्या सांगतो, कारण खोली टिकावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. मशीनं दोनच असल्यानं आम्हाला नऊ दिवस थांबावं लागलं, आणि ते नऊ दिवस फार कठीण गेले. खोलीला तीन पायऱ्या आहेत, उतार करायला हवा. वापराच्या सूचना तोंडीच मिळतात. रात्री गोंधळलेल्या माणसाला ऐकलेलं आठवत नाही, मराठीत एक कागद चिकटवा. फक्त बुधवार आणि रविवार उघडी असणं पुरेसं नाही, पण फोन केला तर काका कधी नाही म्हणत नाहीत. धर्म विचारत नाहीत. आमच्या आधी मशीन एका मुसलमान कुटुंबाकडं होतं, जाळी स्वच्छ धुवून त्यांनी परत केलं होतं.

ती ऑगस्टमध्ये गेली, पहाटे, पाऊस थांबल्यावर. पाठ अकरा वळशांवर होती. ताई, काका, त्या चौघांतले तिघे, सगळे उजाडायच्या आत आले होते. पुन्हा भेटणार यावर माझा विश्वास आहे; हे मी दुःख झाकण्यासाठी म्हणत नाही. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणबत्ती लावताना मी रडलो, आणि तो विश्वास तेव्हाही होता.

बेड परत करताना मी दोन्ही हॅण्डल नवी बसवून दिली. पत्र्यावर तिचंही नाव घालणार का, असं काकांनी विचारलं. आधीच्या नावाखाली जागा आहे, मी पेंटर शोधतो आहे.

कुणाला लागलं तर: बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ, रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर. आधार कार्डाची झेरॉक्स न्या. बेडचे दोन्ही टोकांचे भाग सुटे होतात, त्यासाठी बारा-तेराचे दोन पाने (स्पॅनर) सोबत ठेवा. आणि चार माणसं मिळाली नाहीत तर खोलीतच सांगा, मिळतात.