‘द क्वायट जेंटलमन’ की ‘द टोल-गेट’: रहस्याची जोड असलेली सोज्वळ रीजन्सी प्रेमकथा निवडताना

इंग्लंडच्या रीजन्सी काळातील (ढोबळमानाने १८११ ते १८२०) सोज्वळ प्रेमकथा वाचायची आहे, पण नृत्यसमारंभ आणि स्थळे पाहणे एवढ्यावर समाधान होणार नाही, सोबत रहस्याचा पक्का धागाही हवा, अशी अपेक्षा असणाऱ्या वाचकाने इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयर यांच्या दोन कादंबऱ्यांचा विचार जरूर करावा. ‘द क्वायट जेंटलमन’ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ‘द टोल-गेट’ १९५४ मध्ये. हेयर यांनी स्वतंत्र गुप्तहेरकथाही लिहिल्या होत्या, त्यामुळे पुरावा कुठे पेरायचा आणि किती काळ झाकून ठेवायचा याचा त्यांना सराव होता. दोन्ही पुस्तकांत प्रणय संवादांतून आणि वागण्यातून व्यक्त होतो. शरीरसंबंधांची वर्णने नाहीत, म्हणून घरात कोणाच्याही हाती ती निर्धास्तपणे देता येतात. निवड करायची ती वेगळ्या मुद्द्यावर: संशय घरात हवा की रस्त्यावर?

त्या काळात गुन्ह्याचा छडा लावणे हे बहुधा स्वतःच्या हिमतीचे काम होते. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी १७४९ पासून लंडनमधील बो स्ट्रीटच्या न्यायाधीशांच्या हाताखाली काम करणारे मोजके तपासनीस होते आणि खेड्यापाड्यांत स्थानिक दंडाधिकारी आणि गावचा शिपाई यांच्यावरच भिस्त असे. त्यामुळे नायकाने स्वतः तपासाला लागणे या कथांत ओढूनताणून आणलेले वाटत नाही.

‘द क्वायट जेंटलमन’मध्ये हे सारे एका वाड्याच्या भिंतींच्या आत घडते. नेपोलियनविरुद्धच्या युद्धातून परतलेला जर्व्हेस फ्रँट वडिलांच्या पश्चात सेंट अर्थचा अर्ल (सरदारकीची एक वंशपरंपरागत पदवी) म्हणून लिंकनशायरमधील स्टॅनियन या वडिलोपार्जित किल्लेवजा घरी येतो, तेव्हा सावत्र आई आणि सावत्र भाऊ मार्टिन यांच्या चेहऱ्यांवर त्याच्या जिवंत परतण्याचा आनंद दिसत नाही. पदवी आणि तिच्याशी जोडलेली जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याच्या रिवाजामुळे तो युद्धात कामी आला असता तर मार्टिनच अर्ल झाला असता. भाऊबंदकी हा शब्द ज्यांच्या घरात कधी ना कधी उच्चारला गेला आहे, अशा मराठी वाचकाला या तणावाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पहिल्याच जेवणात मेजाच्या मधोमध ठेवलेले चांदीचे अवाढव्य शोभेचे पात्र समोरच्या माणसाचा चेहरा झाकते. नवा अर्ल ते शांतपणे हलवायला सांगतो आणि घरचा धनी आता कोण, हे सर्वांना कळते. पुढे तलवारबाजीच्या सरावात मार्टिनच्या तलवारीच्या टोकावरचे, इजा टाळणारे बोंड गळून पडते आणि खेळ क्षणभर जिवावर बेततो. हे त्याला ठाऊक होते की नव्हते, या एका प्रश्नावर लेखिका वाचकाला बराच काळ झुलवत ठेवते.

या कादंबरीचे खरे बळ मात्र ड्रुसिला मॉरव्हिल आहे. जहाल विचारांच्या लेखक दांपत्याची ही मुलगी दिसायला साधी, बोलण्यात व्यवहारी आणि संकटात स्थिर आहे. आपल्या अंगी प्रेमकथेच्या नायिकेचे गुण नाहीत, अशी तिची प्रामाणिक समजूत असते. जर्व्हेसवर एकामागून एक संकटे येत असताना तिची निगराणी आणि तिचे प्रेम एकाच गतीने वाढत जाते, म्हणून इथे रहस्य काढून घेतले तर प्रेमकथाही उरणार नाही. उणीव एवढीच की संशयित मोजके आहेत आणि सराईत वाचक गुन्हेगाराला लवकर ओळखू शकतो.

‘द टोल-गेट’मधील कोडे मला अधिक चमकदार वाटते. १८१७ साली सैन्यातून बाहेर पडलेला कॅप्टन जॉन स्टेपल वाट चुकून डर्बीशायरमधील एका टोलनाक्यावर पोहोचतो आणि बापाच्या जागी एक घाबरलेला लहान मुलगा फाटक सांभाळताना त्याला दिसतो. त्या काळच्या टोलरस्त्यांवर नाकेदाराने रात्री-अपरात्रीही फाटक उघडायचे असे, म्हणून त्याचे नाहीसे होणे ही साधी गोष्ट नव्हे. जॉन तिथेच राहतो आणि स्वतः टोल घेऊ लागतो. १८१६ च्या कायद्याने ब्रिटनची नाणेपद्धती बदलली आणि १८१७ मध्ये सॉव्हरिन हे सोन्याचे नवे नाणे आले, एवढे लक्षात ठेवून वाचल्यास गुन्ह्याची बांधणी किती नेमकी आहे हे कळते. प्रेमकथा मात्र इथे प्रथमदर्शनीच ठरून जाते. आजारी आजोबांची जमीन सांभाळणारी नेल स्टॉर्नवे करारी आणि लोभस आहे, पण तिच्याबद्दल जॉनच्या मनात शंका नसल्याने आपल्यालाही हुरहुर लागत नाही. शिवाय वाटमारे आणि तपासनीस यांच्या तोंडी चोरांची जुनी बोली भरपूर आहे, ती मूळ इंग्रजीत वाचताना अडखळायला होते.

हलकीफुलकी धमाल हवी असेल तर हेयर यांचीच १९३६ मधील ‘द टॅलिस्मन रिंग’ आहे; तस्कर, हरवलेली अंगठी आणि जुना खुनाचा आळ सगळे तिच्यात आहे, फक्त तिचे कथानक १७९३ मधले, म्हणजे काटेकोरपणे रीजन्सीच्या आधीचे आहे.

पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याला मी ‘द क्वायट जेंटलमन’ सुचवेन, कारण तिच्यात प्रेम आणि संशय एकमेकांत विणलेले आहेत. ज्याला कोडेच प्रिय आहे त्याने ‘द टोल-गेट’ घ्यावी, पण पहिल्या प्रकरणातील कौटुंबिक मेळाव्यात भेटणारे ढीगभर नातेवाईक लक्षात ठेवण्याचा खटाटोप करू नये. पुढे त्यांचे काही काम पडत नाही. कथा सुरू होते ती जॉन नाक्याशी येऊन फाटक उघडण्यासाठी हाक देतो तेव्हा.