ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी १० अँपिअरचा ऑटो-कट चार्जर: घ्यावा का?

घ्यावा, पण सोबत फुकट मिळणाऱ्या जंपर केबलकडे (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून बंद ट्रॅक्टर सुरू करायची चिमट्यांची वायर) बघून नव्हे.

८० ते १०० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे साठवण क्षमता) बॅटरीला १० अँपिअर पुरेसे आहेत. चार्जिंगचं व्होल्टेज १४.४ च्या पुढे गेलं की अ‍ॅसिडमधल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन जोरात सुटतात; हवेत ४ टक्के हायड्रोजन साठला की एक ठिणगी बस्स. जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर रात्रभर करंट ढकलत राहतो. हा १४.४ ला हात आखडता घेतो. जास्तीचे पैसे त्याचेच.

खटकलं ते हे की चार्जरवर बटणच नाही. त्यामुळे आधी लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला, मग भिंतीवरचा स्विच चालू. काढताना आधी स्विच बंद. जोडणी गोठ्याच्या बंद खोलीत नको, आणि बुचांची भोकं मातीने बुजलेली नकोत.

पाणी कमी असलेल्या बॅटरीपुढे मात्र ऑटो-कटचं काही चालत नाही. पातळी खाली म्हणजे वर गॅसला जागा जास्त, प्लेटा उघड्या. चार्जिंगआधी डिस्टिल्ड वॉटर प्लेटा बुडतील एवढंच, उरलेलं चार्ज झाल्यावर. नाहीतर अ‍ॅसिड उतू जातं.

फुकटची जंपर केबल अगदीच बारीक आहे. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, ती तापते. २५ चौरस मिमीची तांब्याची वेगळी घ्या. ती जोडताना शेवटचा काळा चिमटा बंद ट्रॅक्टरच्या इंजिन ब्लॉकला, बॅटरीपासून लांब लावा. अ‍ॅसिड गोठलेली किंवा फुगलेली बॅटरी जोडूच नका.