राजीनाम्यावरची सही आणि न भरलेला फंड

२२ डिसेंबर २०१८ च्या शनिवारी दुपारी मी ज्या कागदावर सही केली, त्यावर तारखेची जागा कोरी होती आणि सही कुठे करायची ते कळावे म्हणून पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली होती. कागद मराठीत टाइप केलेला होता, आणि ‘घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे’ हे वाक्य मी वाचलेही होते. तरीही मी सही केली. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, डाळ मिलमध्ये, जिनिंगमध्ये किंवा धुळ्याकडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या किती तरी माणसांनी असेच कागद सह्या करून दिलेले आहेत, म्हणून माझ्या बाबतीत काय घडले ते आकड्यांसह लिहीत आहे.

मी धरणगाव तालुक्यातला. १ जून २०१४ रोजी जळगावला प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो. प्लास्टिकच्या दाण्याच्या गोण्या उतरवून घेणे, त्यांची नोंद करणे, लूमच्या म्हणजे विणकामाच्या यंत्रांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवणे आणि तयार मालाचे गेटपास फाडणे, हे माझे काम होते. नेमणूकपत्र मागितले तेव्हा ‘देऊ’ असे उत्तर मिळाले आणि नंतर मीही तो विषय काढला नाही. पगार वेळेवर होई, पगारस्लिपवर फंडाची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची (पीएफची), कपात छापून येई, आणि एवढ्यावर मी निश्चिंत होतो.

कार्यालयाचे सगळे व्यवहार पाहणारे गृहस्थ आमच्या शेजारच्या गावचे. त्यांना सगळे नाना म्हणत. माझ्या वडिलांची आणि त्यांची बाजारातली जुनी ओळख, माझ्या बहिणीच्या लग्नात ते पंगतीला वाढायला उभे राहिलेले. त्या शनिवारी त्यांनी आम्हा सोळा जणांना एकेक करून आत बोलावले. कंपनीचे नाव बदलते आहे, फंडाचा कोड नवा मिळणार आहे, त्यासाठी जुन्या नावातून सगळ्यांना कागदोपत्री बाहेर काढून १ जानेवारीपासून नव्या नावात घ्यायचे आहे, असे त्यांनी सांगितले. मी राजीनाम्याचे वाक्य बोटाने दाखवले, तर ते म्हणाले, “सही करी टाक भाऊ, काही व्हत नही.” वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘या कागदाची एक प्रत मला द्या’ एवढे म्हणायची मला भीड वाटली. फसवणूक करणारा परका असता तर मी दहा प्रश्न विचारले असते.

१ जानेवारी या तारखेचा अर्थ मला सव्वातीन वर्षांनी कळला. उपदान प्रदान कायदा १९७२, म्हणजे ज्याला आपण ग्रॅच्युइटीचा कायदा म्हणतो, त्यानुसार पाच वर्षांची सलग सेवा झालेल्या कामगाराला प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळत होता. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी ते वर्ष पूर्ण धरावे असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे. ३१ डिसेंबर २०१८ रोजी माझी चार वर्षे सात महिने होत होती. पाचव्या वर्षाचे दिवस मोजले तर ते २१४ भरतात. आणखी महिनाभर मी जुन्या नावात राहिलो असतो, तर तो वाद घालायला जागा झाली असती. बाकीच्या पंधरा जणांपैकी बहुतेकांचीही चार ते पाच वर्षांच्या दरम्यानची सेवा होती. कामगारांच्या बोलीत याला ‘ब्रेक देणे’ म्हणतात. आम्हाला तो आमच्याच सहीने दिला गेला.

३१ मार्च २०२२ रोजी संध्याकाळी मला आणि आणखी सहा जणांना ‘उद्यापासून येऊ नका, ऑर्डर नाहीत’ असे तोंडी सांगितले. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-फ प्रमाणे वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागत होती. आमच्यासमोर मात्र पुन्हा स्वखुशीच्या राजीनाम्याचाच कागद आला. या वेळी मी सही केली नाही. ग्रॅच्युइटीचे विचारले तेव्हा जुन्या कंपनीत चार वर्षे सात महिने आणि नव्या कंपनीत सव्वातीन वर्षे, दोन्हीकडे पाच भरत नाहीत, असे नानांनी सांगितले. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

घरी वडिलांचे आजारपण होते, म्हणून निदान फंड तरी काढू असे ठरवले. कारखान्याचे फंडाचे काम पाहणाऱ्या सल्लागाराने ‘काढून देतो, पाच हजार लागतील’ असे म्हटले. फंड काढायच्या अर्जाला एक रुपयाही शुल्क नसते हे मला ठाऊक नव्हते. मी रोख पाच हजार दिले आणि तीन महिने ‘सर्व्हर बंद आहे’, ‘केवायसी अडकली आहे’ अशी उत्तरे ऐकत राहिलो. या काळात पत्नीची पोत गहाण ठेवावी लागली.

माझी भाची तेव्हा धुळ्याला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती. राखीपौर्णिमेला घरी आली असताना तिने एकच प्रश्न विचारला, “मामा, तुमच्या यूएएनला मोबाईल नंबर कोणाचा जोडलेला आहे?” यूएएन म्हणजे फंडाच्या खात्याचा बारा आकडी क्रमांक. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही आणि खाते उघडायचे तर जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. माझा क्रमांक माझ्या पगारस्लिपवर छापलेला होता, पण ओटीपी सल्लागाराच्या मोबाईलवर जात होता. आठ वर्षांत मी माझे पासबुक एकदाही पाहिले नव्हते, आणि पाहायला गेलो असतो तरी त्या माणसाच्या परवानगीशिवाय मला ते दिसले नसते. आधारवर ओटीपी घेऊन आम्ही मोबाईल बदलला आणि सरकारच्या उमंग ॲपमध्ये पासबुक उघडले.

पासबुकात जानेवारी २०२० चा भरणा शेवटचा होता. त्यापुढची पाने कोरी. फेब्रुवारी २०२० ते मार्च २०२२ हे २६ महिने माझ्या पगारातून दरमहा १,७१६ रुपये कापले गेले होते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १४,३०० रुपये, त्याचे हे १२ टक्के. टाळेबंदीत सरकारने मे, जून आणि जुलै २०२० या तीन महिन्यांसाठी फंडाचा दर १० टक्क्यांवर आणला होता, पण माझ्या स्लिपांवर त्या महिन्यांतही १,७१६ चाच आकडा आहे. एकूण ४४,६१६ रुपये माझ्या घामाचे कापून घेतले आणि भरले नाहीत. मालकाने घालायचा तेवढाच हिस्साही भरला नाही. त्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात, म्हणजे माझ्या पेन्शनच्या सेवेतली ही २६ महिन्यांची नोंदही त्यांनी बुडवली.

हा निव्वळ उधारीचा मामला नाही, हे कामगारांनी नीट समजून घ्यावे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्य निधीचा कायदा लागू होतो आणि कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. कापून न भरणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ च्या स्पष्टीकरणानुसार फौजदारी विश्वासघात होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्येही ती तरतूद आहे. ठेकेदाराच्या नावावर काम करणाऱ्यांच्या फंडाची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणून ‘तू ठेकेदाराचा माणूस’ हे उत्तर ऐकून घरी जाऊ नये.

भाचीच्या मदतीने मी भविष्य निधी संघटनेच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि नाशिकच्या कार्यालयात सर्व पगारस्लिपांच्या प्रती पाठवल्या. माझे आजोबा अमळनेरच्या गिरणीत कामाला होते. ते पगाराच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत, आणि त्यांचे पाहून मलाही तीच सवय लागली होती. त्या डब्यातल्या स्लिपा नसत्या, तर कपात झाली हे मी कशाने सिद्ध केले असते, या विचाराने आजही मला धास्ती वाटते. भविष्य निधी कायद्याच्या कलम ७-अ खाली थकबाकीची चौकशी झाली, हजेरीपट आणि पगारपत्रके मागवली गेली, आणि चौदा महिन्यांनी थकलेली रक्कम माझ्या खात्यात दिसली. चौकशी संपूर्ण आस्थापनेची असते, त्यामुळे तक्रार न केलेल्यांचेही पैसे जमा झाले.

ग्रॅच्युइटीचे काम याहून अवघड होते, कारण तिथे माझी स्वतःची सही माझ्याविरुद्ध उभी होती. आय नमुन्यातला अर्ज रजिस्टर पोस्टाने मालकाला पाठवला. उत्तर आले नाही, म्हणून नियंत्रक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, एन नमुन्यात अर्ज केला. मालकाच्या वकिलांनी राजीनामा पुढे केला आणि वर एक नवीच गोष्ट सांगितली, की माझ्या ताब्यातल्या स्टोअरमध्ये माल कमी भरला होता. कामगाराने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने केलेल्या नुकसानीमुळे त्याला काढले असेल, तर तेवढ्या रकमेपुरती ग्रॅच्युइटी रोखता येते, अशी कायद्यात तरतूद आहे. तिचा आधार घेण्याचा त्यांचा प्रयत्न होता.

इथे मला माझ्या कर्तव्याच्या बाजूने साथ दिली. ३१ मार्चच्या त्या संध्याकाळी मन जळत असतानाही मी थांबून पूर्ण स्टोअरची मोजणी करून दिली होती. दाण्याच्या गोण्या, बेअरिंग, पट्टे, शटल, एकेका वस्तूची यादी करून खाली सुपरवायझरची सही व वेळ घेतली होती आणि चाव्या दिल्याची पोचही घेतली होती. आपल्या ताब्यातल्या वस्तूचा हिशेब देणे, नोटीस न देता काम सोडून न जाणे आणि कारखान्याचे कागद बाहेर न नेणे हे कामगारावर बंधनकारक आहे असे मी मानत आलो. हक्क मागणाऱ्याने आपली बाजू अशी स्वच्छ ठेवलेली असावी, असे माझे ठाम मत आहे. ती यादी दाखवल्यावर माल कमी असल्याचा आरोप पुढे सरकला नाही.

सेवा सलग होती हे ठरले ते आवक रजिस्टरवरून. ते कारखान्याच्या ताब्यात होते, म्हणून मी ते सादर करण्याचा आदेश मागितला आणि तो मिळाला. टेबलावर रजिस्टर उघडले तेव्हा ३१ डिसेंबर २०१८ ची शेवटची नोंद १,८६२ क्रमांकाची होती आणि लगेच खालच्या ओळीत १ जानेवारी २०१९ ची १,८६३ क्रमांकाची, दोन्ही माझ्याच अक्षरात, एकाच निळ्या शाईत. हजेरीकार्डाचा क्रमांक आधीही ४७ होता आणि नंतरही ४७ च. शेड तीच, लूम तेच, मालक एकाच घरातले. अशा परिस्थितीत नावाची पाटी बदलल्याने सेवा तुटत नाही, हे मान्य झाले. १४,३०० ला महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांनी भागून १५ ने गुणले की ८,२५० होतात. सात वर्षे दहा महिन्यांतले सहा महिन्यांवरचे वर्ष पूर्ण धरून आठ वर्षांचे ६६,००० रुपये आणि विलंबाचे दरसाल १० टक्के सरळ व्याज असा आदेश झाला. मध्यंतरी तीस हजारांवर मिटवण्याचा निरोप नानांमार्फतच आला होता, तो मी नाकारला होता. कमी केल्याच्या भरपाईचा दावा मात्र मी लावला नाही. काढल्यापासून तीन वर्षांच्या आत कामगार न्यायालयात जाता येत होते, पण तेवढे बळ माझ्यात उरले नव्हते, आणि सल्लागाराला दिलेले पाच हजारही पावती नसल्याने गेले ते गेलेच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे, काम सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करायचा आहे, आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळू शकते. कागद मागायला आता कायद्याचा अधिक स्पष्ट आधार आहे. तरी पासबुक दर महिन्याच्या वीस तारखेनंतर स्वतः उघडून पाहा, मोबाईल नंबर स्वतःचा आहे ना याची आजच खात्री करा, वारसाची नोंद करून ठेवा, आणि तारीख नसलेल्या कागदावर, समोर कोणीही बसलेला असो, सही करू नका. सही करावीच लागली तर सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख घाला आणि कागदाचा फोटो काढल्याशिवाय तो परत देऊ नका.

त्या शनिवारी सही केलेल्या आम्हा सोळा जणांपैकी ग्रॅच्युइटीचा अर्ज आजवर तिघांनीच केला आहे. बाकीचे तेरा जण अजून ‘आपण तर लिहून दिले होते’ असे म्हणून गप्प आहेत. माझा अर्ज ज्या कायद्याखाली चालला, त्यात मुदत उलटली तरी योग्य कारण दाखवून अर्ज दाखल करून घेतला जाण्याची तरतूद होती, आणि केवळ उशीर झाला म्हणून हक्क बुडत नव्हता. माझ्या आदेशाच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याने रविवारी घरी यावे. येताना आपल्या पगारस्लिपा आणि हजेरीकार्ड शोधून आणावे.