घर बांधताना स्वतंत्र इंजिनिअर लावला, पैसे कुठं वसूल झाले आणि कुठं नाही

सांगलीत शामरावनगर साईडला आमचं घराचं काम संपत आलंय, खाली वर मिळून दोन मजले, आणि या कामात आम्ही ठेकेदार, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट (म्हणजे सळई-काँक्रीटचं डिझाईन करून देणारा) हे सगळे असताना अजून एक माणूस लावला होता, फक्त तपासायला. आमच्या ओळखीत असं कुणी केलेलं नव्हतं त्यामुळं आता जो तो विचारतोय, लागतोय का असला माणूस, किती घेतले, काय केलं त्यानं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा इथं लिहून टाकतो. नाव मात्र लिहीत नाही, कारण इंजिनिअरचं लिहिलं की ठेकेदाराचं पण लिहावं लागेल आणि मला इथंच राहायचंय.

घाईत असाल तर माझं मत असं की पायापासून शेवटच्या स्लॅबपर्यंत डोळे झाकून लावा, फिनिशिंगला लावू नका. पाचातले चार स्टार.

आता सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य, "अहो बँकेचा इंजिनिअर येतोच की बघायला." येतो. पण तो कशाला येतो तर काम कुठपर्यंत आलंय ते बघून पुढचा हप्ता सोडायला. स्लॅब पडलाय का, पडलाय, चार फोटो काढले आणि गेला. स्लॅबच्या आत काय आहे हा त्याचा विषयच नाही. महापालिकेचं पण तसंच, प्लिंथ म्हणजे जोत्याच्या चेकिंगला बघतात ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, बाजूचं मार्जिन सोडलंय का. सळई किती एमएमची बांधली हे कोण विचारत नाही. आणि ठेकेदाराचा सुपरवायझर हा ठेकेदाराच्या पगारावर, तो कुणाच्या बाजूनं बोलणार सांगा.

राहिला आरसीसी कन्सल्टंट. खरं तर हे काम त्याचंच आहे, ड्रॉइंग त्याचं असतंय. पण फीमध्ये साईट व्हिजिट धरल्यात का हे आधी विचारून घ्या, बऱ्याच वेळा नुसत्या ड्रॉइंगचे पैसे असतात आणि सळई बांधून झाली की मिस्त्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो आणि तिकडनं अंगठा येतो. तुमचा कन्सल्टंट प्रत्येक काँक्रीटच्या आधी स्वतः येऊन वाकून बघणारा असेल तर मग वेगळा माणूस लावायची काही गरज नाही, ते पैसे किचनला घाला.

अजून एक, रेरा रेरा (बिल्डरांवरचा तो कायदा) म्हणून बरेच जण निवांत असतात. बिल्डरकडनं फ्लॅट घेतला आणि प्रोजेक्ट रेरात असला तर ताबा घेतल्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरमध्ये दोष निघाला तर बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचं, हे बरोबर आहे. पण स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार लावून स्वतःसाठी घर बांधताय तेव्हा रेराचा काही संबंध नाही. तुमच्यात आणि ठेकेदारात जो स्टॅम्पपेपर झालाय तेवढंच.

आमच्या कामात तो पहिल्यांदा आला ते पाया खणून झाल्यावर. आमच्याकडं सगळी काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळं पाया मुरमापर्यंत न्यायचा हे सगळ्यांनाच माहीत आहे, ठेकेदाराला पण. सगळे खड्डे एकाच खोलीचे काढलेले आणि वरनं बघितलं तर सगळे सारखेच दिसत होते. हा गडी पहार घेऊन एकेका खड्ड्यात उतरला आणि तळाला ठोकत गेला. मागच्या कोपऱ्यातल्या एका खड्ड्यात पहार सरळ आत गेली. तिथं मुरूम खाली उतरलेला होता आणि काळी माती तशीच राहिलेली. अजून खणायला लावलं आणि कडक मुरूम लागल्यावर खालचा भाग पीसीसीनं, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटनं, भरून वर आणला. जेसीबी गेलेला त्यामुळं हातानं खणावं लागलं आणि ठेकेदाराचं तोंड दोन दिवस वाकडं. पण तो एक कॉलम काळ्या मातीवर उभा राहिला असता तर काय झालं असतं हे आमच्याच गल्लीतल्या तिरक्या भेगांच्या भिंती बघून कळतंय.

जोत्याच्या उंचीवरनं पण त्यानंच डोकं खाल्लं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. तेव्हा आपल्या रस्त्यावर पाणी कुठवर होतं ते शेजाऱ्यांना विचारा, भिंतीवर खूण असेल तर मोजा आणि मग जोतं ठरवा म्हणाला. हे आर्किटेक्टनं सांगायला पाहिजे होतं असं मला वाटतं, पण असो.

खरे पैसे वसूल झाले ते पहिल्या स्लॅबला. समोरची बाल्कनी कॅन्टिलिव्हर, म्हणजे नुसती बाहेर काढलेली, खाली आधार काही नाही. असल्या बाल्कनीला मेन सळई वरच्या बाजूला लागते कारण ताण वरनं येतो. फिटरनं बांधली होती बरोबर, वरच, ड्रॉइंगप्रमाणे. पण मधे दोन दिवस सगळे तिच्यावरनंच ये-जा करत होते, इलेक्ट्रिशियन पाईप टाकायला, सेंट्रिंगवाले, मी पण असणार. खाली खुर्च्या म्हणजे सळईला वर धरणारे ते चेअर लावले होते दोन-चारच, त्यामुळं पायानं दबून वरची जाळी पार खालच्या सेंट्रिंगच्या प्लेटला टेकायला आलेली. लांबनं बघितलं तर जाळी ती जाळीच दिसतेय. यानं खिशातनं टेप काढून प्लेटपासून सळईपर्यंत मोजलं आणि मला बोलावून दाखवलं, ५ इंचाचा स्लॅब आणि सळई खालून दीड इंचावर. अशी बाल्कनी ओतली असती तर सळई आहे पण कामाची नाही. मिस्त्री म्हणाला, "मालक, काँक्रीट टाकताना हुकानं वर वढून घेतो की." आमचे इंजिनिअर साहेब काही बोलले नाहीत, नुसते तिथंच खुर्ची टाकून बसले. शेवटी चेअर वाढवले, जाळी उचलून परत बांधली आणि ये-जा करायला फळ्या टाकल्या, मगच मिक्सर सुरू. दोन-अडीच तास गेले असतील.

तसंच कव्हरचं, म्हणजे सळईच्या बाहेरनं काँक्रीटचा जो थर राहतो त्याचं. सळईच्या खाली कव्हर ब्लॉकच्या ऐवजी खडीचे तुकडे सारलेले, तो आपल्याकडचा जुना रिवाजच आहे. स्लॅबला २० एमएम, कॉलमला ४०, पायाला ५० असं ठेवायचं आणि नीट ब्लॉक लावायचे, नाहीतर सळई उघडी पडून गंजते. कॉलमच्या रिंगांचे हूक फिटरनं ९० अंशात वाकवलेले, ते भूकंपात उघडू नयेत म्हणून १३५ ला आत वळवून घ्यायला लावले. यावर फिटर लई चिडला, पण १९६७ चा कोयनेचा भूकंप इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतोय, त्यामुळं त्या बाबतीत आमच्या अण्णांनीच फिटरला गप केलं.

पाणी हा एक स्वतंत्र विषय आहे. मिक्सरवाल्याला काँक्रीट पळतं पाहिजे असतंय, कारण पातळ असलं की पसरायला सोपं, म्हणून कुणी बघत नसलं की बादली आत. एम २० ला, म्हणजे आमच्या ग्रेडच्या काँक्रीटला, ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्यामागं ३० लिटरच्या वर पाणी नको, आणि वाळूत ओल असेल तर त्यातनं पण वजा करायचं. आमच्याकडं घमेल्याच्या अंदाजानं काम चालू होतं, यानं लाकडी फरमा करून घेतला आणि खडी, क्रश सँड मापून टाकायला लावलं. वर प्रत्येक स्लॅबला त्याच काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, भरून ठेवले, ते ७ आणि २८ दिवसांनी लॅबला नेऊन फोडायचे. क्यूब भरताना बघितल्यावर बादलीचा हात आपोआप आवरतो, हे रिपोर्टपेक्षा जास्त कामाचं आहे असं माझं मत.

आणि प्लेटा! हॉलचा स्लॅब साडेचार मीटरच्या वर, त्याखालचे टेकू कमीत कमी १४ दिवस तरी ठेवायचे असतात आणि मोठ्या बीमखाली अजून जास्त. आठवडा झाला की ठेकेदाराचा फोन, प्लेटा दुसऱ्या साईटवर पाहिजेत. आम्ही नको म्हणालो असतो तर त्यानं ऐकलं नसतं, साहेबांनी मेसेजमध्ये तारीख लिहून दिली म्हणून थांबला. पाणी मारायचं पण तसंच, पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला १० दिवस तरी पाहिजेच, आम्ही आळी करून १४ दिवस मारलं.

आता एक स्टार का कापला ते. एक तर वेळ. दुसऱ्या स्लॅबच्या दिवशी सकाळी ७ ला येतो म्हणून साडेनऊला आला आणि तोपर्यंत सगळी गँग बसून, तिचा खाडा कुणी भरायचा यावर वाद. दुसरं म्हणजे रिपोर्ट, इंग्रजीत, पंधरा-पंधरा पानं, त्यात निम्मे फोटो, आणि ते पण काम पुढं गेल्यावर यायचे. मला मराठीत चार ओळी त्याच दिवशी पाहिजे होत्या. ते बोलून दाखवल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज टाकायला लागला, ते बरं पडलं.

आणि फिनिशिंग. टाईल नाण्यानं ठोकून पोकळ आवाज कुठं येतोय हे बघायला, बाथरूममध्ये बादली ओतून पाणी जाळीकडं जातंय का बघायला इंजिनिअर कशाला लागतोय, आमच्या ह्यांनी, म्हणजे बायकोनं, त्याच्यापेक्षा जास्त चुका काढल्या. फक्त अर्थिंग आणि लपलेल्या पाईपची प्रेशर टेस्ट प्लास्टरच्या आधी करून घ्या, तेवढं माहितगार माणसाकडनं.

फी व्हिजिटला अडीच हजार, क्यूबचे लॅबचे पैसे वेगळे. सगळं मिळून बांधकामाच्या खर्चाच्या दोन टक्क्यांच्या आतच बसलं. अण्णा पहिल्यांदा म्हणालेच, आम्ही वाडा बांधला तेव्हा कोण आलतं तपासायला. पण वाड्याच्या भिंती दोन-दोन फूट दगडाच्या होत्या, सगळा भार भिंतीवर. आता सगळं मोजक्या कॉलमवर आणि कॉलमच्या आतलं दिसत नाही, हे त्यांना पाया खणतानाच पटलं.

लावणार असाल तर ठेकेदाराशी करार करायच्या आधी लावा आणि करारातच लिहून घ्या की तपासणी झाल्याशिवाय काँक्रीट नाही आणि त्या टप्प्याचा हप्ता पण नाही. नंतर आणलेल्या माणसाला साईटवर कुणी विचारत नाही. दुसरं, त्याचे पैसे तुम्ही स्वतः द्यायचे, ठेकेदाराच्या किंवा आर्किटेक्टच्या बिलातनं अजिबात नाही, आणि तो त्याच ठेकेदाराची दुसरीकडं कामं करत नाही ना ते बघून घ्या. आपल्याकडं पीडब्ल्यूडी, पाटबंधारे मधनं रिटायर झालेले चांगले लोक आहेत, त्यांना स्लॅब नुसता बघून कळतंय, पण शिडी चढायला नको म्हणत नाहीत ना ते आधी विचारा. आमचा तरुण होता, चढायचा.

टेरेसचा कोबा झालाय पण अजून पाऊस लागलेला नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर एक व्हिजिट ठरवून ठेवलीय, तिचे पैसे तेव्हाच देणार असं आधीच सांगितलंय.